ईद सरकली, हिशोब चुकला

दिग्रसला आमच्या मेहुण्यांचं तयार कपड्यांचं दुकान आहे. खाली पुरुषांचे आणि मुलांचे कपडे, वरच्या माळ्यावर लेडीज ड्रेस मटेरियल. 2025 च्या मे महिन्यात आम्ही उन्हाळी सुटीत तिकडे होतो. दुपारचे चार वाजलेले, आपल्या जिल्ह्यातलं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मेहुणे गल्ल्यावर बसून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे एकटक बघत होते. म्हणाले, "मास्तर, एप्रिलनं मारलं."

बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये महिन्याचा रिपोर्ट निघतो. मागच्या वर्षीचा एप्रिल आणि यंदाचा एप्रिल शेजारी शेजारी ठेवले होते, आणि यंदाची विक्री निम्म्याहूनही खाली आलेली. मेहुण्यांनी मनात दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. माळ्यावरच्या मुलाला महिनाअखेरीस "दुसरीकडे बघ" म्हणायचं, आणि शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर अर्धी करायची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे तो माल मे महिन्यातच सांगावा लागतो. माळ्यावरचा मुलगा आमच्याच हाताखाली आठवीपर्यंत शिकलेला. वडील नाहीत, घर त्याच्या पगारावर चालतं. आम्ही गप्प बसलो. दुकान त्यांचं, आकडा कॉम्प्युटरचा, आपण काय बोलणार?

त्याच आठवड्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी चुलत बहिणीच्या निकाहासाठी पुण्याहून आली होती. संध्याकाळी सलाम करायला घरी आली. उर्दू माध्यमातून दहावी, मग यवतमाळला कॉलेज, आता पुण्यात एका कंपनीत नोकरी. काय काम करतेस, असं आमच्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "नानी, मी क्वेरी बांधते." सासूबाईंना वाटलं, मोत्यांच्या माळा वगैरे असाव्यात.

क्वेरी म्हणजे साठवलेल्या माहितीला विचारलेला प्रश्न. पण तो कॉम्प्युटरला समजेल असा, कुठेही संदिग्धता न ठेवता मांडावा लागतो. मोठ्या कंपनीत रोज लाखो बिलं होतात. ज्या यंत्रणेवर बिलं फाडली जातात तिलाच दहा वर्षांचा हिशोब विचारत बसलं तर काउंटरवरची रांग थांबेल. म्हणून ती माहिती रोज उचलून, साफ करून वेगळ्या कोठारात ठेवतात. याला डेटा वेअरहाउस म्हणतात. आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी 1988 मध्ये एका लेखात 'बिझनेस डेटा वेअरहाउस' ही कल्पना मांडली. पुढे बिल इनमन आणि रॅल्फ किम्बॉल यांच्या पुस्तकांनी तिचं शास्त्र केलं. प्रश्न विचारायची एसक्यूएल ही भाषा मात्र त्याआधीची, 1974 च्या सुमाराची. आमची विद्यार्थिनी हीच भाषा लिहिते.

तिनं चहाच्या ट्रेखालचा कागद ओढला आणि चार शब्द लिहिले. सिलेक्ट, म्हणजे काय हवं: विक्रीची बेरीज. फ्रॉम, म्हणजे कुठल्या वहीतून: बिलाच्या ओळींतून. व्हेअर, म्हणजे कोणत्या अटीवर: परत आलेला माल सोडून. ग्रुप बाय, म्हणजे कशाकशानं वाटून: महिन्यानं, मालाच्या प्रकारानं, दुकानाच्या माळ्यानं. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला यात गंमत वाटते. आपल्या मराठीत आणि उर्दूत क्रियापद शेवटी येतं, इथे ते पहिलंच. बाकी अन्वय लावण्याचंच काम आहे.

मग मेहुण्यांनी एप्रिलचं रडगाणं ऐकवलं. तिनं उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "मामू, मागच्या वर्षी ईद कधी होती?"

वाचकहो, आम्ही वीस वर्षं शिकवतो आहोत, मेहुणे तीस वर्षं दुकान चालवतात, आणि दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. 2024 ला आपल्याकडे ईदुल फित्र 11 एप्रिलला झाली. 2025 ला 31 मार्चला. कपड्यांच्या दुकानात रमजानचे पहिले वीस दिवस एका बाजूला आणि शेवटचा अशरा एका बाजूला. 2024 मध्ये तो अशरा 1 ते 10 एप्रिल असा पूर्णच्या पूर्ण एप्रिलमध्ये पडला होता. 2025 मध्ये रमजान 2 मार्चला सुरू होऊन 30 मार्चला संपला. एप्रिलच्या वाट्याला ईदनंतरचे थंड दिवस तेवढे आले. दोन एप्रिलांची तुलना म्हणजे लग्नघराची आणि लग्न उरकलेल्या घराची तुलना.

मेहुण्यांचे खरे आकडे त्यांचे त्यांच्यापाशी. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. समजा, 2024 च्या एप्रिलमध्ये साडेआठ लाख विक्री झाली, त्यात ईदआधीच्या दहा दिवसांतले सहा लाख. 2025 चा एप्रिल साडेतीन लाख. महिन्यानं वाटलं तर पाच लाखांचा खड्डा दिसतो. आता तीच बिलं, तीच रक्कम, फक्त वाटणी बदला. रमजान 1445 हिजरी म्हणजे 12 मार्च ते 10 एप्रिल 2024 : नऊ लाख. रमजान 1446 : साडेनऊ लाख, तोही एकोणतीस दिवसांत. ईदनंतरचे वीस दिवस : दोन्ही वर्षी अडीच लाख. खड्डा कुठे गेला? तो कधी नव्हताच.

मेहुण्यांचा चेहरा खुलला, पण पोरगी थांबली नाही. "मामू, मग गेलं आर्थिक वर्ष तुम्हाला फार चांगलं गेलं असेल." खरंच गेलं होतं. सीएनं ताळेबंदाचा कच्चा कागद दिला तेव्हा मेहुणे शेजारचा गाळा भाड्यानं घ्यायच्या विचारात होते. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या एकाच आर्थिक वर्षात दोन ईदची खरेदी बसली होती! एक वर्षाच्या सुरुवातीला, एक शेवटी. त्या जोरावर गाळा घेतला असता तर पुढच्या वर्षी एकाच ईदच्या कमाईवर दोन गाळ्यांचं भाडं भरावं लागलं असतं. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरनं एकाच महिन्यात आमच्या मेहुण्यांना आधी चढवलं आणि मग पाडलं, आणि त्यात त्याची एकही बेरीज चुकलेली नव्हती.

हे काही फक्त दिग्रसचं दुखणं नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून आपले सण इंग्रजी महिन्यांतून मागे मागे सरकत जातात. हिंदू पंचांगात अधिक मास घालून सण जागेवर आणतात, तरी दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येतेच. 2023 ला अधिक श्रावण आला आणि दिवाळी 12 नोव्हेंबरपर्यंत गेली. चीनमध्ये नववर्षाचा सण जानेवारी-फेब्रुवारीत मागेपुढे होतो, म्हणून तिथलं सरकार किरकोळ विक्रीचे आणि कारखान्यांच्या उत्पादनाचे या दोन महिन्यांचे आकडे एकत्र जाहीर करतं. तुर्कस्तानची सांख्यिकी संस्था उत्पादनाची एक मालिका सणांच्या सुट्यांचा परिणाम काढून देते. अमेरिकेतल्या दुकानदारांच्या संघटनेनं तर चार, पाच, चार आठवड्यांचे 'महिने' पाडलेलं वेगळंच कॅलेंडर ठेवलं आहे. किम्बॉल यांचा आग्रह याचसाठी होता की कोठारात तारखेचं एक स्वतंत्र कोष्टक असावं. प्रत्येक दिवसाची एक ओळ, आणि तिच्यासमोर वार, आठवडा, आर्थिक वर्ष, सण, सुटी, जे जे धंद्याला लागतं ते. आपल्या भागात त्यात कापसाचा हंगामही हवा. दसऱ्यानंतर कापूस विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो, तेव्हा कुठे बाजारात जीव येतो.

त्या संध्याकाळी तिनं मेहुण्यांच्या बिलांची फाइल आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि असं कोष्टक करायला बसली. आधी तिनं प्रत्येक तारखेसमोर हिजरी तारीख टाकली. तयार मिळणारं हिजरी कॅलेंडर सौदी हिशोबाचं होतं. 2023, 2024, 2025 या तिन्ही वर्षी तिकडची ईद आपल्या एक दिवस आधी. म्हणजे आपली चांदरात, वर्षातली सगळ्यात मोठी विक्री, त्या कोष्टकात ईदच्या दिवशी जाऊन बसली. ते दुरुस्त केलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण चांदरात तर शव्वालचीच ना? मगरिब झाली की तारीख बदलते." बरोबरच होतं. कॉम्प्युटरची तारीख मध्यरात्री बदलते, आपली सूर्यास्ताला. पोरीनं दोन मिनिटं विचार केला, हिजरी महिन्याचा रकाना बाजूला ठेवला आणि नवा रकाना केला: 'ईदला उरलेले दिवस'. चांदरात म्हणजे एक. त्याच्या आदला दिवस दोन. रोजे एकोणतीस असोत की तीस, शेवटचा अशरा बरोबर शेजारी शेजारी येतो.

तिनं आणखी दोन चुका दाखवल्या, ज्या शिकाऊ माणूस हमखास करतो म्हणे. एखाद्यानं दोन हजारांचं बिल बाराशे रोख आणि आठशे मोबाइलवरून दिलं, तर पैसे मिळाल्याच्या वहीत दोन ओळी होतात. बिलाची वही तिच्याशी जोडून बिलाच्या रकमेची बेरीज केली की चार हजार येतात, कारण एकच बिल दोनदा मोजलं गेलं. दुसरी चूक साठ्याची. विक्री महिन्यामागून महिना मिळवता येते, साठा नाही. जानेवारीअखेर दहा लाखांचा माल आणि फेब्रुवारीअखेर नऊ लाखांचा म्हणजे एकोणीस लाखांचा माल होत नाही. दुकानदार घरांतून जकात काढताना असाच गोंधळ होताना आम्ही पाहिला आहे. कोणी वर्षाच्या विक्रीवर हिशोब करतं, कोणी नफ्यावर. वास्तविक आपली जी तारीख ठरलेली असेल त्या दिवशी दुकानात असलेला माल आणि हातातली रक्कम धरायची असते. बारकावे आलिमांना विचारावेत, आमचा तो अधिकार नाही.

मात्र खुशखबर पूर्ण नव्हती. विक्री माळ्यानुसार आणि मालानुसार वाटली तेव्हा खालचा माळा चढता दिसला, विशेषतः मुलांचे कुर्ते. वरचं ड्रेस मटेरियल मात्र ईदच्या ईद मोजूनही उतरलेलं होतं. महिन्याच्या एकूण आकड्यात हे कधीच दिसलं नसतं. मेहुण्यांनी युनिफॉर्मची ऑर्डर पूर्ण दिली, ड्रेस मटेरियलची कमी केली, आणि माळ्यावरच्या मुलाला खाली कुर्त्यांच्या काउंटरवर आणलं.

आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही, त्याचं कारण वेगळं होतं. शाळेत दरवर्षी यू-डायस प्लसच्या पोर्टलवर माहिती भरण्याचं काम आमच्याकडे असतं. देशभरातल्या शाळांचं हे एक कोठारच आहे. 2021-22 मध्ये देशातली पटसंख्या सुमारे साडेसव्वीस कोटी होती, 2022-23 मध्ये सव्वापंचवीस कोटींच्या आत आली, 2023-24 मध्ये 24.8 कोटी. वाचणाऱ्याला वाटतं, मुलं गेली कुठे? पण 2022-23 पासून शाळेचा नुसता एकूण आकडा न घेता एकेका विद्यार्थ्याची नोंद घेतली जाऊ लागली. मोजायची रीत बदलली, म्हणून शिक्षण मंत्रालयानं आधीच्या वर्षांशी थेट तुलना करता येणार नाही असं सांगितलं. इथेही एप्रिलसारखंच झालं.

पण आमच्या शाळेचं उलट होतं. आमची शाळा आठवीपर्यंत. पुढे मुली जवळच्या हायस्कूलला जातात, आणि तिथल्या नववीतल्या मुलींचा आकडा दरवर्षी तेवढाच असतो, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. नववीत आजूबाजूच्या गावांतूनही मुली येतात हे आम्ही विसरलो होतो. आमचा प्रश्न 'नववीत मुली किती?' असा होता. तो 'गेल्या वर्षी आमच्या आठवीत असलेल्यांपैकी आज नववीत कोण कोण आहे?' असा हवा होता. शाळा उघडल्यावर आम्ही आठवीची यादी घेतली आणि एकेक नाव जुळवत गेलो. चार नावं कुठेच जुळली नाहीत. दोघींच्या घरी दाखला आणायचा राहून गेला होता, त्या पंधरा दिवसांत वर्गात बसल्या. एक आईबरोबर धाकट्या भावंडांना सांभाळत होती. तिच्या अब्बांकडे आम्ही तीनदा गेलो, चौथ्यांदा आमच्या घरातून गेल्या तेव्हा ते तयार झाले. चौथीचं कुटुंब कामासाठी जिल्ह्याबाहेर गेलं आहे, तिचा पत्ता अजून शोधतो आहोत.

मेहुण्यांच्या दुकानातलं कोष्टक आता दर ईदला पुढे भरावं लागतं. आधी भरून ठेवता येत नाही. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेवढ्यात पुण्याहून फोन येतो. "मामू, दिसला का?" मेहुणे मापाची टेप गळ्यात टाकून दारात येतात, मशिदीच्या भोंग्याकडे कान लावतात आणि म्हणतात, "थांब गं, अजून एलान व्हायचंय."