व्यवहार, दिवाणी आणि दरखास्त

महाराष्ट्रातून उज्जैनीस आलेल्या मनुष्यास न्यायालयातील ‘व्यवहार न्यायाधीश’ ही पाटी वाचून नवल वाटते. मराठीत व्यवहार म्हणजे देवघेव. पण धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायालयापुढे आलेला वाद. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाचे नावच व्यवहाराध्याय. हिंदी राजभाषेने हा जुना अर्थ उचलला. मराठीने फारसीतून आलेला ‘दिवाणी’ हा शब्द राखला. शिवकालात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी कचेरीतून दावा, कैफियत, हुकूमनामा हे शब्द हलले नाहीत. नानाखेड्यातील मराठी कुटुंबांस घरात एक परिभाषा व न्यायालयात दुसरी, अशी दोहोंशी गाठ पडते. म्हणून या शब्दांचा थोडा उलगडा करावा असे आम्हांस वाटते.

मिताक्षरेप्रमाणे व्यवहाराचे चार पाद आहेत : भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील दाव्याची वाटचाल बहुतांशी याच क्रमाने होते. वादी आपले म्हणणे वादपत्रात मांडतो; ही भाषा. प्रतिवादीची लेखी कैफियत हे उत्तर. पुरावा ही क्रिया, आणि निवाडा ही सिद्धी. उत्तर व क्रिया यांच्यामध्ये न्यायाधीश ‘मुद्दे’ काढतात, म्हणजे एक पक्ष जे म्हणतो आणि दुसरा नाकारतो, तेवढेच निर्णयासाठी वेगळे करतात. मान्य गोष्टीस पुरावा लागत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

उत्तराचे प्रकारही शास्त्रकारांनी चार सांगितले आहेत. कर्जाचा दावा घेऊ. ‘कर्ज घेतले, हे खरे’ ही संप्रतिपत्ती. ‘घेतलेच नाही’ हे मिथ्योत्तर. ‘घेतले, पण फेडले’ हे प्रत्यवस्कंदन. ‘याच कर्जाबद्दल वादी पूर्वीच हरला आहे’ हा प्राङ्न्याय. संहितेच्या कलम ११ मध्ये हेच शेवटचे तत्त्व आढळते : त्याच पक्षांमधील जो मुद्दा सक्षम न्यायालयाने एकदा निकालात काढला, तो पुन्हा उकरता येत नाही.

शब्दांच्या घोटाळ्याने नुकसान होते ते पुढील दोन ठिकाणी. पहिले समन्स. समन्स म्हणजे शिक्षा नव्हे. तुमच्याविरुद्ध दावा आहे, येऊन उत्तर द्या, एवढाच त्याचा अर्थ. परंतु भीतीने किंवा रागाने तो कागद फडताळात टाकला, तर दावा एकतर्फी चालतो. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी, असा नियम आहे. कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. हिंदी कागदात कैफियतीस ‘जवाबदावा’ म्हणतात. हिंदी तक्त्यात मात्र ‘कैफियत’ हा शब्द शेऱ्याच्या रकान्यावर दिसतो. शब्द एक, कामे दोन.

दुसरे ठिकाण निकालानंतरचे. निवाड्यात न्यायाधीशांची कारणे असतात. हुकूमनाम्यात पक्षांचे हक्क निश्चित केलेले असतात. हिंदीत यांसच निर्णय आणि डिक्री म्हणतात. पण हुकूमनामा हाती आला म्हणजे घर हाती आले, असे नव्हे. प्रतिवादी स्वखुशीने देत नसेल, तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मराठी न्यायालयांत त्यास ‘दरखास्त’ हे खास नाव आहे. हिंदीत दरख्वास्त म्हणजे कोणताही अर्ज, आणि या कार्यवाहीस ‘निष्पादन’ म्हणतात. मराठीतील जप्ती तिकडे ‘कुर्की’ होते. पैशाच्या वा ताब्याच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्यास १९६३ च्या मुदत कायद्याने १२ वर्षे दिली आहेत. जिंकल्याच्या समाधानात ती निघून गेली, तर हुकूमनामा केवळ कागद उरतो.

कोणती परिभाषा शुद्ध, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. प्राङ्न्यायाची नेमकी कल्पना संस्कृत शब्द देतो. दरखास्तीचे वेगळेपण फारसी शब्द राखतो. दोन्ही मराठीचेच धन आहे. परंतु आईबापांच्या घरी आलेला न्यायालयाचा कागद पुष्कळदा शाळेत शिकणारे मूलच वाचून दाखविते. निबंध आणि पत्रलेखन शिकविताना आपण शिक्षकांनी त्यास समन्स, कैफियत, हुकूमनामा आणि दरखास्त या चार शब्दांचे अर्थ व त्यांची हिंदी रूपे शिकविली, तर त्या घरावर मोठे उपकार होतील.