‘नटरंग’चा गुणा : कलेत जागा, गावात जागा

मागच्या खेपेला आपण ग्रामीण आत्मकथनांबद्दल बोललो होतो. आज एक कादंबरी घेऊ या : आनंद यादवांची ‘नटरंग’. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातल्या श्रोत्यांसमोर आम्ही ती मुद्दाम घेतो आहोत. का, ते बोलता बोलता लक्षात येईलच.

धडपडणाऱ्या तरुण कलावंताची गोष्ट जगभरच्या कादंबरीकारांना आवडते. रोमां रोलां यांनी १९०४ ते १९१२ या काळात ‘जाँ क्रिस्तोफ’ ही दहा भागांची कादंबरी एका संगीतकारावर लिहिली. अशा गोष्टींचा साचा साधारण ठरलेला असतो. आधी पोराला कुणी ओळखत नाही, मग त्याला गुरू किंवा सोबती भेटतात आणि शेवटी त्याला आपली माणसं सापडतात. म्हणजे आशा आणि आपलेपणा दोन्ही एकदमच हाती येतात. ‘नटरंग’ इथेच वेगळी पडते. या दोन गोष्टी एक नाहीत, एक मिळवताना दुसरी हातची जाऊ शकते, असं ती सांगते.

यादव मूळचे कागलचे, जन्म १९३५चा. शेतात राबत, घरच्यांशी झगडत ते शिकले. तो झगडा त्यांनी ‘झोंबी’त लिहिला आणि त्या पुस्तकाला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यामुळे ‘नटरंग’मधला शेतमजूर त्यांनी लांबून पाहिलेला नाही. ही कथा बहुतेकांपर्यंत जानेवारी २०१०मध्ये आलेल्या रवी जाधवांच्या चित्रपटातून पोचली, म्हणून प्रसंग सांगताना आम्ही चित्रपटाचाच आधार घेतो.

गुणा हा कागलचा मजूर. अंगानं पैलवान, आणि डोक्यात सदा तमाशा. वगात राजा व्हायचं हे त्याचं स्वप्न. आता बघा, फड उभा राहण्याचं निमित्त काय होतं? मालकाच्या विहिरीवर पंप बसतो. मोट ओढणाऱ्या गड्यांचं काम जातं. हातात वेळ आहे, पोटात काळजी आहे, आणि त्यातून तमाशाची कल्पना पुढे येते. कंत्राट संपल्यावर गेटबाहेर उभं राहिलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. विहिरीच्या जागी लाइन आणि पंपाच्या जागी नवं मशीन घाला, की झालं.

पुढचा पेच मात्र खरा आहे. फडाला नाचणारी मिळते, पण तिची अट असते की फडात नाच्या हवा. हे सोंग घ्यायला कुणीच तयार होत नाही. शेवटी गुणाच घेतो. राजा व्हायला निघालेला पैलवान शरीर उतरवतो, चाल बदलतो, बोलणं बदलतो. आमच्या मते कादंबरीचं मर्म इथे आहे. कोणत्याही मंडळीत आपण निवडलेल्या दारानं प्रवेश मिळेलच असं नाही. जी जागा रिकामी असते, जी कुणालाच नको असते, तिथून बऱ्याचदा आत जावं लागतं. गुणा तिथून आत जातो आणि त्या कामात खरोखर मोठा होतो. त्याच्या आशेला जागा मिळते.

पण गावाचं काय? रात्री शिट्ट्या मारणारा प्रेक्षक दिवसा त्याला माणसांत धरत नाही. सोंगाला टाळी मिळते आणि सोंग घेणाऱ्याची विटंबना होते. घरही दुरावतं. चित्रपटात अखेर त्याचा सन्मान होतो, पण त्या सन्मानानं घर परत येत नाही.

ही कल्पनेतलीच गोष्ट समजू नका. चाकणहून नाशिक रस्त्यानं पुढे गेलं की राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव लागतं. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडमालक तिथे राहुट्या लावतात आणि गावोगावची मंडळी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. याच गावच्या विठाबाई भाऊ मांग यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. त्यांच्या नावानं आज राज्य सरकार पुरस्कार देतं. तरी त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ साली त्या वारल्या. कलेत पहिली जागा मिळाली तरी समाजात सुरक्षित जागा मिळतेच असं नाही, याचा याहून जवळचा दाखला नको.

मग आशा कुठे शोधायची? आम्हाला ती तमाशाच्या रचनेतच दिसते. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. मुख्य गाणारा ओळ सोडतो आणि झीलकरी ती वर उचलून धरतो. तुणतुणं सूर धरून ठेवतं, ढोलकी आणि हलगी बोलतात. इथे एकट्याचं गाणं पुरं होतच नाही, तुमची ओळ झेलायला कुणीतरी उभं असावं लागतं. आपलेपणा म्हणजे बहुधा एवढंच. आपला सूर कुठे आला पाहिजे हे दुसऱ्याला माहीत असणं, आणि आलो नाही तर त्याला चुकल्यासारखं वाटणं.

‘नटरंग’ला संगीत देणारे अजय-अतुल याच पुणे जिल्ह्यातले. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे त्यांचं बालपण निरनिराळ्या गावांत गेलं. वाद्यं विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ज्यांच्याकडे वाद्यं होती त्यांच्याशी जमवून घेत दोघे शिकले. आळंदीत १९१७पासून चालत आलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आजही खेड्यातली पोरं येतात. आळंदीत राहून मधुकरी मागायची आणि गाणं, पखवाज शिकायचा, असा हा रिवाज. म्हणजे दार कुठेतरी उघडं असतं. फक्त ते कुणीतरी उघडं ठेवलेलं असतं, आपोआप उघडं राहत नाही.

आपल्या या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली किती तरी पोरं खोलीवर राहतात. कुणाच्या पेटीत बासरी असते, कुणाचा हात ढोलकीवर बसलेला असतो. तीन पाळ्यांत सराव कधी करायचा, आणि खोलीत वाजवलं तर शेजारी काय म्हणतील, हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांना प्रसिद्धी देणं आपल्या हातात नाही. सोसायटीच्या गणपतीत, मंदिरातल्या भजनात त्यांना बसायला जागा देणं नक्कीच आहे. आणि दुसऱ्या दिवशी गेटवर भेटले तर नावानं हाक मारणंही. गुणाला नेमकं तेच मिळालं नव्हतं.

चित्रपट पाहिला असला तरी कादंबरी वाचाच. वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा : या माणसाची ओळ झेलायला कोण कोण उभं राहू शकलं असतं?