फेरफार केलेली आयात दुचाकी विकताना : पैसे हाती आले तरी जबाबदारी सरत नाही

रायपूर : ‘सीजी 04’ या रायपूरच्या नोंदणी क्रमांकाची एखादी जुनी ‘हायाबुसा’ विक्रीला निघते, तेव्हा मालक तिच्यावर केलेल्या खर्चाचा पाढा वाचतो. लांब करून घेतलेला मागचा स्विंगआर्म, परदेशातून मागवलेला सायलेन्सर, इंजिनाला जोडलेला टर्बो, नवा रंग. जाणकार ग्राहक मात्र दोनच गोष्टी विचारतो : सीमाशुल्काची कागदपत्रे आहेत का आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवले आहेत का? दुर्मीळ आयात दुचाकीची किंमत बहुतांशी या दोन उत्तरांवर ठरते. फेरफारांवर ओतलेला पैसा सहसा परत मिळत नाही, उलट काही फेरफार किंमत खाली आणतात.

जपानच्या सुझुकी कंपनीने 1,299 घन सेंटीमीटर क्षमतेची ‘हायाबुसा’ 1999 मध्ये बाजारात आणली. जपानी भाषेत या नावाचा अर्थ बहिरी ससाणा. भारतात ती घराघरांत पोहोचली 2004 च्या ‘धूम’ चित्रपटामुळे. त्यानंतर 2007 मध्ये केंद्राने 800 घन सेंटीमीटर व त्यापुढील दुचाकींच्या आयातीचा मार्ग सुकर केला. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली तीही त्याच वर्षी आणि हा सौदा ‘आंब्याच्या बदल्यात हार्ले’ म्हणून ओळखला गेला. ‘हायाबुसा’ची भारतातील जुळणी हरियाणातील मानेसर येथे 2016 मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या गाड्या पूर्ण बांधणीच्या स्वरूपात आयात झालेल्या असल्याने आज त्यांना दुर्मीळतेचे मोल आहे.

आयातशुल्काचा भार मोठा होता. पूर्ण बांधणीच्या, 800 घन सेंटीमीटरवरील दुचाकींवरील शुल्क फेब्रुवारी 2018 मध्ये 75 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आले. 2025 च्या अर्थसंकल्पात ते 1,600 घन सेंटीमीटरपर्यंत 40 टक्के, तर त्यापुढे 30 टक्के झाले. शुल्क जितके चढे, तितका ते चुकवण्याचा मोह अधिक. म्हणूनच ‘बिल ऑफ एन्ट्री’ आणि शुल्क भरल्याची पावती ही अशा गाडीची खरी जन्मपत्रिका ठरते. त्यांवरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी (आरसी) आणि प्रत्यक्ष सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळायला हवेत. भूतानमार्गे आलिशान मोटारी आणल्याच्या आरोपावरून कोचीच्या सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर 2025 मध्ये ‘नुमखोर’ ही मोहीम राबवली. तेव्हा गाड्या भारतातच विकत घेतलेल्या मालकांच्या दारातही पथके पोहोचली. मूळ आयातीतील खोट अनेक हातांपलीकडच्या खरेदीदारालाही गाठू शकते.

फेरफारांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. 2019 च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यापाऱ्याने नियमबाह्य वाहन विकले, तर प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे नावाजलेले व्यापारी अशी गाडी आहे त्या स्थितीत घेण्यास कचरतात.

सगळे बदल सारखे नसतात. रंग बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घेता येते. नट-बोल्ट सोडवून बसवलेला सायलेन्सर, आरसे किंवा हँडल मूळ स्थितीत आणणे एका दिवसाचे काम आहे. इंजिनाच्या संगणकातील बदललेली प्रणालीही पूर्ववत करता येते. मात्र सांगाडा कापलेला, जोडलेला किंवा त्यावरील क्रमांकाजवळ वेल्डिंग झालेले असेल, तर कितीही कौशल्याने केलेले काम संशयच निर्माण करते. विक्रीपूर्वी गाडी मूळ रूपात आणून सुटे भाग वेगळे विकणे हाच बहुधा अधिक फायद्याचा मार्ग असतो. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकून ठेवला, तर भारतीय करार कायद्यानुसार ती फसवणूक ठरू शकते. ‘आहे तशी विकली’ हे वाक्य तेव्हा ढाल म्हणून फारसे कामी येत नाही.

रायपूरमध्ये अशा गाडीचे ग्राहक मोजकेच. त्यामुळे सौदा अनेकदा सुमारे 300 किलोमीटरवरील नागपूरशी किंवा थेट मुंबई-पुण्याशी जुळतो आणि व्यवहार आंतरराज्य होतो. त्यासाठी नमुना 28 मध्ये अर्ज करून रायपूरच्या कार्यालयाकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. कर्ज असल्यास आधी बँकेचा बोजा उतरवावा लागतो. हस्तांतरणासाठी नमुना 29 आणि 30 भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने 14 दिवसांत, परराज्यात झाल्यास 45 दिवसांत कळवायचे असते. महाराष्ट्रात नेलेल्या गाडीवर तेथील कर भरावा लागतो आणि चाणाक्ष खरेदीदार ती रक्कम किमतीतूनच वजा करून मागतो.

सर्वांत मोठी जोखीम येथेच आहे. अनेक विक्रेते रक्कम घेतात, कोऱ्या नमुन्यांवर सह्या करतात आणि किल्ली देऊन मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यातील गाडी विकली गेली होती, पुढेही तिचे हात बदलले होते, पण नोंदणी जुन्याच मालकाच्या नावावर होती. 2009 मध्ये तिला अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. ताशी 250 किलोमीटरपलीकडे धावू शकणाऱ्या दुचाकीबाबत हा धोका कागदोपत्री राहत नाही. अधिकृत व्यापाऱ्यामार्फत गाडी दिल्यास एप्रिल 2023 पासून नमुना 29क ची सोय आहे. त्यानुसार गाडी ताब्यात असेपर्यंत व्यापारीच मालक मानला जातो.

विम्याचेही असेच. हस्तांतरणानंतर तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे जाते, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र विमा कंपनीकडे अर्ज केल्याशिवाय जात नाही. न कळवलेले फेरफार दावा फेटाळण्याचे कारण होऊ शकतात. ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर जात नाही, तो विक्रेत्याचाच राहतो. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे पैसे बँकेमार्फतच घ्यावे लागतात.

2010 च्या सुमारास आलेल्या गाड्यांपुढे आता आणखी एक पायरी आहे. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि नूतनीकरणासाठी प्रत्यक्ष तपासणी होते. आयात दुचाकीसाठी हे शुल्क 10,000 रुपये असून, ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार 20 वर्षांवरील गाडीसाठी ते 20,000 रुपये झाले आहे. नूतनीकरण जवळ आलेली गाडी घेणारा ग्राहक म्हणूनच आधी तपासणी करून आणण्याची अट घालतो, आणि माळ्यावरच्या खोक्यातला मूळ सायलेन्सर त्या दिवशी खाली उतरतो.