जेरल्ड वेल्सकराचें ऑक्सफर्ड येथील ग्रंथवाचन

छापखाना नव्हता त्या काळीं नवा ग्रंथ प्रसिद्ध होई म्हणजे नेमकें काय होई, हा प्रश्न जुन्या साधनांचा अभ्यास करणाऱ्यास वारंवार पडतो. ग्रंथ लिहून झाला, त्याच्या इतक्या प्रती झाल्या, एवढें हस्तलिखितांवरून कळतें. पण तो प्रथम कोणाच्या कानीं पडला, कोणीं मान डोलावली आणि कोणीं नाक मुरडलें, हें सहसा कळत नाहीं. याला एक ठळक अपवाद बाराव्या शतकांतील इंग्लंडांत सांपडतो. जिराल्डस कँब्रेन्सिस या लेखकानें आयर्लंडाच्या वर्णनाचा आपला लॅटिन ग्रंथ, 'टोपोग्राफिया हिबर्निका', इ. स. ११८८ च्या सुमारास (शके १११०) ऑक्सफर्ड येथें लागोपाठ तीन दिवस जाहीरपणें वाचून दाखविला, आणि त्या वाचनाची हकीकत स्वतःच लिहून ठेविली. ती हकीकत कितपत विश्वसनीय आहे आणि त्या वाचनांतून काय निष्पन्न झालें, हें येथें पहावयाचें आहे.

ग्रंथकाराचें घरचें नांव जेरल्ड. कँब्रेन्सिस म्हणजे वेल्सचा. आपल्याकडील धाटणीनें म्हणावयाचें तर वेल्सकर. त्याचा जन्म ११४६ च्या सुमारास वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मॅनॉर्बिअरच्या गढींत झाला. बाप नॉर्मन घराण्यांतला. आईची आई नेस्ट ही वेल्श राजकन्या. उच्च शिक्षण पॅरिसास झालें व पुढें ब्रेकन येथील आर्चडीकनचें, म्हणजे बिशपच्या हाताखालील धर्माधिकाऱ्याचें, पद मिळालें. इ. स. ११६९ पासून ज्या सरदारांनीं आयर्लंडांत उतरून मुलूख हस्तगत केला, त्यांत जेरल्डचे मामा होते व सख्खा भाऊहि होता. तो स्वतः प्रथम ११८३ मध्यें तेथें गेला, आणि ११८५ मध्यें राजपुत्र जॉन याच्या स्वारीबरोबर पुन्हा गेला तो पुढील वर्षाच्या ईस्टरपर्यंत राहिला. देशाचा पूर्व व दक्षिण भाग त्यानें मुख्यतः पाहिला. तात्पर्य, तो प्रवासी होता हें खरें, पण जिंकणारांच्या कुटुंबांतला प्रवासी होता. वाचकांनीं ही गोष्ट पुढील विवेचनांत नजरेआड होऊं देऊं नये.

ग्रंथाचे तीन खंड आहेत. पहिल्यांत भूमि, हवा, नद्या, पशुपक्षी. दुसऱ्यांत अद्भुतें व संतांचे चमत्कार. तिसऱ्यांत लोक, त्यांच्या चालीरीती आणि पूर्वेतिहास. पहिल्या दोन खंडांस आयरिश लेखांचा कांहींच आधार मिळाला नाहीं, तिसऱ्यास मात्र त्यांच्या बखरींतून थोडा मिळाला, असें तो स्वतः सांगतो. त्याची दृष्टि तीक्ष्ण आहे. आयरिश वीणावादनाची त्यानें केलेली स्तुति मनापासूनची आहे, आणि किल्डेअर येथील सचित्र धर्मग्रंथाचें वर्णन करितांना तर त्याची लेखणी हरखून गेलेली दिसते. पण याच ग्रंथांत समुद्रांतील लांकडांवर लोंबकळत वाढणारे हंस आहेत, धर्मगुरूशीं मनुष्यवाणीनें बोलणारा लांडगा आहे. आणि तिसऱ्या खंडांत आयरिश लोक रानटी, शेतीचा कंटाळा करणारे, गुरांमागें हिंडणारे व वचनास न जागणारे ठरविले आहेत. उत्तरेकडील एका टोळीचा राजा पांढऱ्या घोडीचा बळी देऊन राज्यावर बसतो, असेंहि एक कथन येथें आहे. त्या विधीचें आपल्या अश्वमेधाशीं असलेलें साम्य विसाव्या शतकांत विद्वानांनीं दाखवून दिलें, म्हणून तें कथन सर्वस्वीं टाकाऊ म्हणवत नाहीं. परंतु जेरल्डनें तें सांगितलें तें त्या लोकांची निंदा करण्यासाठींच.

आतां वाचनाची हकीकत. ती त्याच्या आत्मचरित्रांत आली आहे. ग्रंथ पुरा होऊन तपासून झाल्यावर, पेटविलेला दिवा मापाखालीं झांकून न ठेवतां दिवठणीवर ठेवावा या इच्छेनें त्यानें ऑक्सफर्डची निवड केली. कारण इंग्लंडांतील विद्वान् धर्मगुरूंची तेथें विशेष वस्ती होती. खंड तीन, म्हणून दिवस तीन; रोज एक खंड वाचला. पहिल्या दिवशीं गांवांतील सर्व गोरगरिबांस बोलावून आपल्या बिऱ्हाडीं जेवूं घातलें. दुसऱ्या दिवशीं निरनिराळ्या शास्त्रांचे सर्व आचार्य आणि नांवाजलेले शिष्य. तिसऱ्या दिवशीं उरलेले विद्यार्थी, गांवांतील शिलेदार आणि पुष्कळसे नागरिक. हें कृत्य खर्चाचें पण थोर झालें, प्राचीन कवींचा काळ त्यानें जणूं परत आणिला, इंग्लंडांत असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें, असा अभिप्रायहि त्यानें स्वतःच देऊन टाकिला आहे. संकोच हा गुण जेरल्डपाशीं नव्हता.

या मजकुरांत एक बारकावा आहे. जेवणास कोण होतें तें तो दिवसवार सांगतो. ऐकावयास कोण होतें तें तितक्या स्पष्टपणें सांगत नाहीं. पाहुणे तेच श्रोते असें धरिलें, तर भिकाऱ्यांनीं नद्यापक्ष्यांचें वर्णन ऐकलें, आचार्यांनीं चमत्कार ऐकले, आणि शिलेदार व व्यापारी यांच्या वांट्यास आयरिश लोकांची निंदा आली. पण ग्रंथ लॅटिन. गोरगरिबांस त्याचें अक्षर कळण्यासारखें नव्हतें आणि शिलेदारांसहि फारसें कळत नसावें. आमच्या मतें गरिबांचें जेवण हें अन्नदान होतें, समारंभाचा मान वाढविण्यासाठीं केलेलें. खरे श्रोते दुसऱ्या दिवसाच्या पंक्तींतले. आपल्याकडेहि पोथीची समाप्ति प्रसादावांचून होत नाहीं. मात्र आपला पुराणिक जुनी, सर्वमान्य पोथी सोडून बसतो, आणि जेरल्ड स्वतःचीच नवी कोरी पोथी घेऊन बसला होता. व्यासपीठ, पंक्ति आणि दक्षिणा हीं सर्व त्याच्याच खर्चानें!

साधन या दृष्टीनें या हकीकतीचें मोल काय? हिरोडोटसानें ऑलिंपियाच्या जत्रेंत आपला इतिहास वाचून दाखविला ही प्रसिद्ध गोष्ट ल्युशिअननें सांगितली आहे, पण तो हिरोडोटसानंतर सुमारें सहा शतकांनीं झाला. त्या मानानें येथें खुद्द कर्त्याची साक्ष आहे. तथापि ती एकट्याची साक्ष आहे, आपल्याच गौरवाची आहे, आणि घटनेनंतर सुमारें वीस वर्षांनीं लिहिलेली आहे. त्या आत्मचरित्राची एकच खंडित हस्तलिखित प्रत उरली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे इतिहासकार या उताऱ्यास फार महत्त्व देतात, कारण त्या विद्यापीठास स्थापनेचा दिवस नाहीं, आणि ११८८ च्या सुमारास तेथें अनेक शास्त्रांचे आचार्य व त्यांच्या शिष्यांचा मेळा होता असें या उताऱ्यावरून दिसतें. आम्हांस वाटतें, वाचन झालें व तेथें विद्वान् जमले एवढें निःशंक मानावें. "सर्व" आचार्य, "सर्व" गरीब या शब्दांवर मात्र भार देऊं नये.

ग्रंथाचा बोलबाला झाला यांत संशय नाहीं. ११८८ मध्यें धर्मयुद्धासाठीं माणसें मिळवीत कँटरबरीचा आर्चबिशप बाल्डविन वेल्समध्यें फिरला, तेव्हां जेरल्ड बरोबर होता. आर्चबिशपास त्यानें हाच ग्रंथ भेट दिला, आणि तो रोज त्यांतील कांहीं भाग वाची किंवा ऐके, असें जेरल्ड नमूद करितो. लाभ मात्र पदरीं पडला नाहीं. पुढें ऑक्सफर्डचाच आर्चडीकन झालेला वॉल्टर मॅप त्यास म्हणे कीं, तूं पुष्कळ लिहिलेंस, मी पुष्कळ बोललों. तुझें काम मोठें, पण माझें बोलणें लोकांच्या भाषेंतलें, म्हणून फळ मला मिळालें. हें जेरल्डनेंच जॉन राजास केलेल्या एका अर्पणपत्रिकेंत लिहिलें आहे, व लॅटिन न जाणणाऱ्या राजांसाठीं आपल्या ग्रंथाचें फ्रेंच भाषांतर व्हावें अशी इच्छाहि तेथेंच दर्शविली आहे.

आक्षेप घेणारेहि निघाले, आणि या प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. आयर्लंडाच्या जयाविषयींचा त्याचा दुसरा ग्रंथ ११८९ च्या सुमाराचा. त्याच्या प्रस्तावनेंत तो टीकाकारांस उत्तर देतो. त्यांचा हल्ला दुसऱ्या खंडावर, म्हणजे अद्भुतांवर होता. बायबलांत बलामाची गाढवी बोलते, मग लांडगा बोलला तर काय झालें, अशा धर्तीचें त्याचें उत्तर आहे. लांडग्याविषयीं शंका घेणारे इंग्लंडांत होते. एका सबंध लोकसमाजाच्या निंदेविषयीं शंका घेणाऱ्यास उत्तर देण्याची पाळी जेरल्डवर तेथें आलेली दिसत नाहीं. ज्यांच्याविषयीं तिसरा दिवस खर्ची पडला, त्यांची बाजू मांडणारा त्या पंक्तींत कोण असणार? एकच आयरिश आवाज त्या ग्रंथांत शिरला आहे, आणि तो जेरल्डच्याच लेखणीनें. आयर्लंडांत संत पुष्कळ, पण धर्मासाठीं प्राण देणारा हुतात्मा एकहि नाहीं, असा टोमणा त्यानें मारिला असतां कॅशेलच्या आर्चबिशपानें उत्तर दिलें कीं, आमचे लोक अडाणी असले तरी साधूंवर हात टाकीत नाहींत. आतां मात्र हुतात्मे कसे करावे हें जाणणारे लोक या देशांत आले आहेत, तेव्हां यापुढें आम्हांसहि हुतात्मे लाभतील. बेकेटचा खून इंग्लंडांत ११७० मध्यें झाला होता, हें ऐकणारांस सांगावयास नको होतें.

सविस्तर उत्तर यावयास साडेचारशें वर्षें लागलीं. जेरल्डचा ग्रंथ मध्यंतरी प्रतींवर प्रती होऊन पसरला, सतराव्या शतकाच्या आरंभीं कॅम्डेननें तो फ्रँकफर्ट येथें छापविला, आणि आयर्लंडाविषयीं लिहिणारा प्रत्येक इंग्रज त्याच्या शब्दास प्रमाण मानूं लागला. इ. स. १६३४ च्या सुमारास जेफ्री कीटिंग या धर्मगुरूनें आपल्या आयरिश भाषेंतील इतिहासाच्या प्रस्तावनेंत जेरल्डास कळपापुढें चालणाऱ्या बैलाची उपमा दिली. मागचे सारे लेखक त्याच्याच पावलावर पाऊल टाकीत आले, हा तिचा अर्थ. जॉन लिंच यानें तर १६६२ मध्यें केवळ जेरल्डच्या खंडनार्थ एक सबंध लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. कीटिंगचा ग्रंथ मात्र हातानें नकला होत घरोघर फिरला. तो मूळ भाषेंत संपूर्ण छापला गेला तो १९०२ ते १९१४ या वर्षांत, चार भागांत.