ऑपरेशनआधीची खूण

स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टर ऑपरेशनच्या आधी पेशंटला बसवतात, उभं करतात, वाकायला लावतात, मांडी घालायला सांगतात. प्रत्येक वेळी पोटाला घडी कुठे पडते ते पाहतात. पट्टा कुठे बांधतोस, साडी कुठे खोचतेस, सलवारीची नाडी कुठे येते, हे विचारतात. नमाज पढणाऱ्याला सजद्यात जाऊन दाखवायला सांगतात, शेतकऱ्याला खुरपायला बसतो तसं बसायला. बेंबी, कमरेचं हाड, बरगडीची कड आणि जुन्या टाक्यांचा व्रण यांपासून लांबची, पोटाच्या उभ्या स्नायूवरची एक जागा त्या शोधत असतात. पेशंटला मान खाली घातल्यावर ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसलीही पाहिजे. अशी जागा मिळाली की तिथे सहज न पुसणाऱ्या पेनने खूण करतात. सर्जन आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, त्याच खुणेवर बाहेर काढतात, आणि शौच साठवणारी पिशवी त्याच्याभोवतीच चिकटवायची असते.

खूण दोन बोटं चुकली तर पिशवी घडीत बसते, कडेने सुटते, गळते. कातडी सोलवटते आणि माणूस हळूहळू घराबाहेर पडायचा थांबतो. सत्तरीच्या आजोबांनाही हा त्रास होतो. पण सव्वीस वर्षांच्या मुलाला त्या जागेबरोबर चाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात.

मी या खोलीत स्वयंसेवक म्हणून बसतो. गुदाशयाच्या कॅन्सरनंतर माझा शौचाचा नैसर्गिक मार्ग कायमचा बंद झाला आणि पोटाच्या डाव्या बाजूला स्टोमा आला, तेव्हा मी तिशीत होतो. नीट इस्त्रीचा शर्ट घातलेला, नोकरी करणारा, पिशवीवाला माणूस समोर दिसावा, एवढंच माझं काम.

या खोलीत तरुण खूप येतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१३-१४ मधल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात रुग्णांचं वय सरासरी ४७च्या आसपास निघालं. पाश्चात्त्य देशांत हा साठीनंतरचा आजार समजला जाई. तिथेही पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढू लागले, म्हणून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८मध्ये नियमित तपासणी सुरू करायचं वय ५०वरून ४५वर आणलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने आणि बोस्टनच्या डाना-फार्बरने अशा रुग्णांसाठी वेगळी केंद्रं काढली. ही वाढ कशामुळे होते आहे, यावर संशोधन चालू आहे. निदान उशिरा का होतं, ते मात्र या खोलीतल्या प्रत्येक फाईलमध्ये दिसतं. शौचावाटे रक्त पडलं की घरचे म्हणतात, उष्णता झाली. दुकानदार मलम देतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ अशी पाटी असतेच. मलाही कित्येक महिने मूळव्याधीचंच औषध मिळत होतं. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बहुतेक वेळा बोटाने तपासल्यावर हाताला लागते. त्या तपासणीला हातमोजा आणि दोन मिनिटं पुरतात. पण समोर तरुण मुलगा किंवा मुलगी असेल तर डॉक्टर संकोचतात, आणि पेशंट त्याहून जास्त.

निदान झाल्यावर घाई सुरू होते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा ऑपरेशनआधी रेडिएशन असतं. पेशंट त्याला ‘शेक’ म्हणतात. शेक ओटीपोटावर पडतो, आणि बीजांडकोश व गर्भाशय तिथेच असतात. बीजांडकोशांचं काम थांबू शकतं, गर्भाशयाला इजा होते. पुरुषाच्या शुक्राणूंवरही परिणाम होतो. उपाय आहेत. पुरुषाचे शुक्राणू गोठवून ठेवता येतात. स्त्रीला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं देऊन बीजं काढून ठेवता येतात, किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनने बीजांडकोश वर, शेकाच्या टप्प्याबाहेर सरकवता येतात. पण हे सगळं पहिल्या शेकाच्या आधी व्हायला हवं. नंतर विचारून उपयोग नसतो.

विचारायचं कोणी? लग्न न झालेली मुलगी येते तेव्हा तिच्याबरोबर वडील, काका, कधी मामाही असतात. सर्वांसमोर ती या विषयावर एक शब्द बोलणार नाही, हे सिस्टरना माहीत असतं. त्या काकांना केसपेपरची झेरॉक्स आणायला पाठवतात, वडिलांना बिलाच्या खिडकीपाशी. मग दार लोटून घेतात आणि विचारतात, “ताई, पुढे मूल हवं असं वाटतं का? आज ठरवायला नको. पण डॉक्टरांशी बोलायला या आठवड्यातच जा.” मुलांशीही त्या अशाच सरळ बोलतात. लैंगिक क्षमतेच्या नसा गुदाशयाला लगटून जातात. सर्जन त्या जपतात, तरी ऑपरेशननंतर अडचण येऊ शकते आणि तिच्यावर औषधं आहेत, हे त्या आधीच सांगून ठेवतात. हे ठाऊक असलेला मुलगा पुढे अडचण आली तर उपचार मागायला येतो. ठाऊक नसलेला गप्प बसतो आणि लग्नाचा विषय टाळत राहतो.

किमोच्या आधी त्या कामधंदा विचारतात. ऑक्सालिप्लाटिन नावाच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि गार वस्तूचा स्पर्श सोसत नाही. काहींची बोटं पुढेही बधिर राहतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाचं पोट बोटांवर चालतं. ही गोष्ट फाईलवर असली आणि मुंग्या वाढल्याचं त्याने वेळीच सांगितलं, तर डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा ते औषध थांबवू शकतात.

ऑपरेशननंतर स्टोमा पहिल्यांदा पाहण्याची वेळ येते. ओठाच्या आतल्या बाजूसारखा तो लाल आणि ओला असतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही, हे सांगून कोणालाच पटत नाही, म्हणून सिस्टर पेशंटचंच बोट धरून तिथे टेकवतात. मग धडा सुरू होतो. भोवतालची कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची. स्टोमाचं माप घ्यायचं, चिकटपट्टीला त्याहून एक-दोन मिलिमीटर मोठं भोक कापायचं, ती तळव्यात धरून ऊबदार करायची आणि खालून वर दाबत लावायची. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. आई पुढे होते, बायको पुढे होते. सिस्टर थांबवतात. “आई, त्यालाच करू द्या. तुम्ही किती वर्षं कराल?” स्वतःच्या हाताने पिशवी बदलल्याशिवाय त्या तरुण पेशंटला घरी जाऊ देत नाहीत.

मग मुलं माझ्याकडे वळतात. लोकलच्या गर्दीत फुटेल का? हॉस्टेलच्या संडासात कसं करायचं? वास येईल का? मी माझी रीत सांगतो. डाव्या बाजूच्या, मोठ्या आतड्याच्या स्टोमात सकाळी कोमट पाणी सोडून आतडं धुता येतं. त्यात तासभर जातो, पण पुढचा दिवस बहुधा मोकळा मिळतो आणि पुष्कळांना छोटी टोपी पुरते. हे सिस्टरकडून शिकूनच करायचं. लहान आतड्याच्या स्टोमाला ही सोय नाही. तिथे पाणी आणि मीठ भराभर निघून जातं, म्हणून उन्हाळ्यात ओआरएस जवळ हवंच.

सर्वांत अवघड प्रश्न भावंडांचा. तरुण वयात आलेल्या या कॅन्सरपैकी काहींचं मूळ आनुवंशिक असतं. त्यातला लिंच सिंड्रोम बऱ्यापैकी आढळणारा आहे. गाठीच्या तुकड्याची एमएमआर तपासणी, म्हणजे पेशींची डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का याची तपासणी, केली की त्याचा माग लागतो. त्याच तपासणीतून उपचारही बदलू शकतात. २०२२मध्ये मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी ही यंत्रणा बिघडलेल्या गुदाशयाच्या गाठी असलेल्या पहिल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. घरात हा आनुवंशिक दोष निघाला तर ज्या भावंडांत तो आहे त्यांनी विशीपासूनच ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते. त्यावर आई म्हणते, “तिचं लग्न व्हायचंय, तिचं नाव यात नको.” सिस्टर रागावत नाहीत. तपासणीत सापडलेला आतड्यातला मोड (पॉलिप) कॅन्सर होण्याआधीच काढता येतो, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात, आईला पटेपर्यंत.

मुंबईत हे होतं, कारण इथे अशा सिस्टर आहेत. मराठवाडा-विदर्भातून येणारी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेतात आणि गावी परततात. तिथे पिशवी कातडीला लागली तर दाखवायचं कोणाला, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. नवी यंत्रं मागायला अनेक जण आहेत. माझी मागणी माणसाची आहे. जिथे जिथे आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, तिथे शिकलेली एक स्टोमा नर्स हवी. मूल, कामधंदा आणि भावंडं हे तीन प्रश्न पहिल्या शेकाआधी प्रत्येक तरुण पेशंटला एकांतात विचारले गेले पाहिजेत. आणि विशी-तिशीतल्या कोणालाही रक्त पडत असेल, पोट बिघडलेलं राहत असेल, अंगात रक्त कमी झालं असेल, तर त्याने मलम घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट म्हणावं, “बोटाने तपासा.” हे म्हणायला लाज वाटेल. तरी म्हणावं, कारण लवकर सापडलेली गाठ पुष्कळदा पूर्ण बरी होते.