पोट लहान झालं, पुढे काय?

२०२५ च्या गणेशोत्सवात महाप्रसादाला बसलो असताना शेजारच्या काकूंनी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे, एकच मोदक? आणि तोही अर्धा ठेवतोयस? आवडला नाही वाटतं!" मी नेहमीप्रमाणे "सध्या डाएट चालू आहे, काकू" म्हणून वेळ मारून नेली. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "साडेतीन वर्षं तू हेच सांगतोयस. एकदा खरं काय ते सांगून टाक की!"

तर खरं ते असं. मार्च २०२२ मध्ये मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा माझं वजन २६२ पौंड होतं, उंची पाच फूट नऊ इंच. सोबत मधुमेह, रक्तदाब आणि रात्री नाकावर लावायचं ते घोरण्याचं मशीन, असा सगळा संसार होता. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. त्यामुळे पुढचं सगळं आपापल्या डॉक्टरांशी बोलून पडताळून घ्यावं. ऑपरेशन कसं करतात याची माहिती हवी तेवढी मिळते. पण ऑपरेशननंतर मराठी घरात, मराठी स्वयंपाकघरात आणि आपल्या इन्शुअरन्सच्या कागदांत काय बदलतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या एका चुकीची किंमत मी अजून मोजतो आहे, म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात यंत्रणा समजून घेऊ. हल्ली दोन प्रकार जास्त चालतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्या वाटेने जात नाही. ही कल्पना नवी नाही. आयोवा विद्यापीठातल्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. मला ॲसिडिटीचा जुना त्रास होता आणि स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, म्हणून सर्जनने बायपास सुचवला.

पहिले दोन महिने सांगण्यासारखे नाहीत. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग दूध-ताकासारखे पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. तेव्हा भूक फारशी लागत नाही, पण जिभेला आठवण येते. कुकरची शिट्टी झाली की डोळ्यांत पाणी यायचं, हे आज सांगायला हरकत नाही. शिवाय पाणी! दिवसाला दीड लिटर पाणी घोटाघोटाने प्यायचं म्हणजे पूर्णवेळ नोकरीच होती. ते कमी पडलं तर लघवी गडद होते, चक्कर येते. या ऑपरेशननंतर लोकांना पुन्हा हॉस्पिटल गाठावं लागतं, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. तेव्हा ज्यांच्याकडे निर्जळी उपास करतात त्यांनी तो विचार सोडूनच द्यावा. आणि साबुदाण्याच्या खिचडीला उपासाचं हलकं खाणं म्हणणंही सोडावं. त्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो. पोटात जागा दोन चमच्यांची, ती साबुदाण्याने भरली तर प्रोटीनने जायचं कुठे?

प्रोटीन हा आपल्या शाकाहारी मंडळींचा खरा प्रश्न आहे. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, रोज ६० ते ८० ग्रॅम. मी म्हटलं, आम्ही रोज वरण खातो की! त्यांनी हिशेब करून दाखवला. आपल्या घरच्या वाटीभर पातळ वरणात सहा-सात ग्रॅम मिळालं तरी पुष्कळ, आणि ती वाटी मला संपतच नव्हती. शेवटी घडी बसली ती अशी: सकाळी व्हे प्रोटीनची पावडर, दुपारी पनीर किंवा टोफू, चार वाजता घट्ट ग्रीक दही, रात्री मुगाचं धिरडं किंवा मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ. मी अंडं खायला लागलो ते या निमित्ताने. आईला हे या लेखातूनच कळेल. नियम असा की आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी किंवा भात. म्हणजे आपल्या ताटाची मांडणी बरोब्बर उलटी. पोळीचा घास नीट चावला नाही तर छातीत अडकल्यासारखा होतो आणि तो खाली उतरेपर्यंत माणूस भिंत धरून उभा राहतो. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवण झाल्यावरही अर्धा तास नाही. पंगतीत शेवटी ताकाची वाटी येते तेव्हा मी अजूनही घड्याळ बघतो.

गोडाचं वेगळंच. बायपासनंतर साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते आणि शरीर गडबडून जातं. याला 'डंपिंग' म्हणतात. २०२३ च्या पाडव्याला मी मेव्हण्याकडे वाटीभर श्रीखंड खाल्लं. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ. वहिनी ९११ ला फोन करायला निघाल्या होत्या. अर्ध्या-पाऊण तासाने ओसरलं. काहींना याच्या उलटही होतं, म्हणजे खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते. दोन चमचे श्रीखंड मला चालतं, वाटी चालत नाही, हे तेव्हापासून पाठ झालं. दारूबद्दलही सांगून ठेवतो, कारण आपल्या बेसमेंटमधल्या पार्ट्या मला माहीत आहेत. बायपासनंतर ती फार लवकर आणि फार जोरात चढते, आणि काही जणांना पुढे तिचं व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो.

औषधांच्या डब्याकडेही लक्ष हवं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो, म्हणून मला त्या कायमच्या बंद आहेत. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा बॅगेत कॉम्बिफ्लाम घेऊन येतो आणि पाठ दुखली म्हटलं की प्रेमाने पुढे करतो. त्यात आयबुप्रोफेन असतं. ब्रुफेन म्हणजे तर तेच. तरुण जोडप्यांसाठीही एक सूचना: ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भारपण टाळायला सांगतात. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. तेव्हा आधीच डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय ठरवावा.

आता माझी चूक. दीड वर्षात वजन १६८ पौंडांवर आलं. साखरेची तिमाही सरासरी ८.४ वरून ५.७ झाली, मशीन कपाटात गेलं, मी मुलीबरोबर पाच किलोमीटर पळालो. मी स्वतःला बरा झालेला समजू लागलो. त्याच सुमारास नोकरी बदलली. नव्या कंपनीच्या विम्यात लठ्ठपणाचे उपचार वगळलेले होते आणि त्या खात्यात माझ्या तपासण्यांची बिलं अडकू लागली. दोन-तीनदा फोनवर तासभर घालवला आणि मग कंटाळून तपासणीच सोडली. गोळ्याही एकेक करून सुटल्या. बरं वाटत असताना रोज सात गोळ्या कोण घेणार?

२०२४ च्या उन्हाळ्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं खुर्चीत बसून. मग जिना उतरताना पाय कुठे पडतोय ते कळेना, मीटिंगमध्ये शब्द आठवेनात. न्यूरॉलॉजिस्टने पहिल्याच भेटीत बी-१२ तपासलं. ते फारच खाली गेलं होतं. कारण साधं आहे. हे जीवनसत्त्व अन्नातून सोडवायला जठरातलं आम्ल लागतं आणि शोषायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. माझं अन्न त्या जठराला भेटतच नाही. त्यात मी शाकाहारी, म्हणजे मुळात आवक कमी, आणि आधी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन घेतलेलं, त्यानेही बी-१२ घटतं. इंजेक्शनं सुरू झाली, डोकं महिन्याभरात ताळ्यावर आलं, चाल सुधारली. पण उजव्या पायाच्या दोन बोटांत अजून बधिरपणा आहे आणि तो बहुधा राहील. मज्जातंतूंचं नुकसान फार दिवस चाललं तर सगळं भरून येत नाही.

लोह आणि कॅल्शियमचंही तसंच. ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. कॅल्शियम 'सायट्रेट' स्वरूपात घ्यायचं, कारण 'कार्बोनेट'ला आम्ल लागतं. टम्स चघळून भागत नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही. लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर आणि चहापासूनही दूर. आमच्या फ्रिजवर मुलीने याचं वेळापत्रक रंगीत पेनांनी लिहून लावलं आहे. तिच्या धाकाने ते पाळलं जातं.

'डायबेटिस गेला' असंही मी आता म्हणत नाही. क्लीव्हलंड क्लिनिकने १५० मधुमेही रुग्णांचा अभ्यास केला होता. त्यात पाच वर्षांनी बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के आणि स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के लोकांची तिमाही सरासरी ६ किंवा त्याखाली होती; नुसत्या औषधोपचारावर ५ टक्क्यांची. फरक मोठा आहे, पण शंभरातले सत्तर त्या आकड्याच्या वरच होते. माझंही वजन दहा पौंड परत आलं आहे. दोन वर्षांनी थोडं येतंच, असं सर्जन म्हणतात. हल्लीच्या साप्ताहिक इंजेक्शनांबद्दल मला बरेच जण विचारतात. ऑपरेशन झालेल्यांनाही ती कधीकधी देतात. पण ती बंद केली की बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं, एवढं लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोलावं.

पैशांचं बघू. ऑपरेशनचा विचार असेल तर पहिला फोन सर्जनला नको, विमा कंपनीला करा आणि योजनेत हे ऑपरेशन वगळलंय का ते लेखी विचारा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सर्जनांच्या संस्थेने नियम सैल केले. आशियाई वंशाच्या लोकांना बीएमआय २७.५ पासून या शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असं त्यात आहे. पण बऱ्याच विमा योजना अजून जुने आकडे धरून बसल्या आहेत: ४०, किंवा ३५ आणि सोबत एखादा आजार. अनेक ठिकाणी काही महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली डाएट केल्याची नोंद मागतात आणि त्यात एक महिना चुकला तरी पुन्हा सुरुवात करावी लागू शकते. शक्य असेल तर तपासण्या, ऑपरेशन आणि पहिले फॉलोअप एकाच कॅलेंडर वर्षात बसवा, म्हणजे डिडक्टिबल एकदाच भरावं लागतं. नोकरीला वर्ष झालं असेल आणि कंपनी पन्नासच्या वर माणसांची असेल तर बहुधा एफएमएलएखाली बिनपगारी रजा मिळते. व्हिटॅमिनचे माझे महिन्याला साधारण ४० डॉलर जातात, आयुष्यभर. डॉक्टरांनी आजाराचं नाव घालून पत्र दिलं तर ते एचएसए किंवा एफएसएमधून भागवता येतात. सुटलेली कातडी काढण्याचं ऑपरेशन मात्र बहुतेक वेळा सौंदर्यात मोजलं जातं. तिथे पुरळ वगैरे होत असेल तर प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे नोंद करून ठेवा.

पुण्या-मुंबईला जाऊन स्वस्तात करावं का, असं दोघांनी विचारलं. तिथले सर्जन उत्तम आहेत. पण पहिल्या काही आठवड्यांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो आणि त्यात वीस तासांचा विमानप्रवास. शिवाय परत आल्यावर इथे तपासणी कोण करणार ते जाण्याआधी ठरवा, आणि ऑपरेशनचा पूर्ण अहवाल सोबत आणा.

घरच्यांबद्दल राहिलं. सगळ्यात अवघड गेलं ते बायकोला. "मी आता कोणासाठी करायचं?" असं ती एकदा रिकाम्या कढईकडे बघत म्हणाली होती, आणि मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. ते चुकलं. साताऱ्याला आईने व्हिडिओवर माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि सहा महिने तिला वाटत होतं की मी काहीतरी भयंकर लपवतोय. इथे आल्यावर तिला खरं सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, "एवढंच ना? मग आधी सांगायचंस, मी काय खायला घातलं नसतं तुला?" दुसऱ्या दिवसापासून तिने वाटीऐवजी मुलीच्या भातुकलीतली वाटी माझ्यासाठी काढली आणि जेवायच्या वेळी शेजारी बसून "चाव, नीट चाव" म्हणू लागली.

काकू, तुमचा मोदक उत्तम होता. उरलेला अर्धा मी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी खाल्ला.