किल्ल्यावरील नांवाची पाटी



दिवाळी जवळ आली कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहूं लागतात. दगडविटा रचून डोंगर होतो, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवते, सिंहासनावर महाराज आणि बुरुजांवर मावळे येऊन बसतात. परंतु हा किल्ला कोणता, हें सांगणारी पाटी मात्र बहुधा वहीच्या फाडलेल्या कागदाची असते, आणि हिरवळीवर पाणी शिंपडतांच तिची शाई ओघळते. नांव गेलें कीं प्रतापगड काय नि तोरणा काय, पाहणारास दोन्ही सारखेच. म्हणून अल्प खर्चांत, घरींच, टिकाऊ पाटी कशी करावी, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम अक्षरांचें माप ठरवावें. दहा फुटांवरून सहज वाचतां येण्यास अक्षर सुमारें एक इंच उंच हवें. तीनचार फुटांवरून पाहण्यास एक सेंटिमीटर पुरे. आपल्या लिपींत वेलांटी व मात्रा शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खालीं उतरतात. यास्तव ओळीच्या उंचीचे चार समान भाग करावे. वरचा मात्रांना, खालचा उकारांना आणि मधले दोन अक्षरांना द्यावे. शिरोरेषा पट्टीनें आधीं आंखावी व अक्षरें तिला टांगावीं.

नांव पाहिजे त्याच्या दुप्पट आकारांत काळ्या शाईनें लिहावें आणि झेरॉक्सच्या दुकानांत तें निम्मे करून घ्यावें. आकार निम्मा झाला म्हणजे हाताचा वांकडेपणाही निम्मा होतो. शिवाय ही छाप पाण्यानें पसरत नाहीं. जुन्या लग्नपत्रिकेचा किंवा खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर ती मैद्याच्या खळीनें चिकटवावी. एक चमचा मैदा सहा चमचे पाण्यांत गुठळी न राहूं देतां कालवून मंद आंचेवर शिजविला कीं खळ तयार. ओला कागद वाळतांना आक्रसतो व पुठ्ठ्यास ओढतो. म्हणून मागील बाजूसही कागद लावावा आणि रात्रभर वजनाखालीं ठेवावें. शेवटीं पाटीवर मेणबत्ती घासावी, विशेषतः कडांवर, कारण पुठ्ठा पाणी शोषतो तो कापलेल्या कडेनेंच. पाटी बांबूच्या काडीस लावून मातीपासून दोन बोटें उंच रोवावी.

धातूची पाटी हवी असल्यास खाद्यपदार्थांच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ वापरावा. तो कापण्याचें काम मोठ्या माणसानें करावें आणि धारदार कडा आंत दुमडाव्या. पातळ कागदावर नांव लिहून, तो खिडकीच्या कांचेवर उलटा धरून, मागील बाजूनें अक्षरें गिरवावीं. हीं उलटीं अक्षरें पत्र्यावर ठेवावीं, खालीं वर्तमानपत्राची जाड घडी घ्यावी, आणि शाई संपलेल्या बॉलपेननें दाबून गिरवावीं. पत्रा पालटला कीं नांव सुलट व उठावदार दिसतें. मग अक्षरांभोंवतीं बोथट खिळ्यानें ठिपके दाबावे, बुटांचें काळें पॉलिश चोळावें व कोरड्या फडक्यानें पुसावें. खळग्यांत काळिमा राहते आणि अक्षरें चकाकतात.

आतां पाटीवर लिहावें काय? नांव मोठें, त्याखालीं एकच ओळ. रायगड असल्यास ‘राज्याभिषेक, ६ जून १६७४’. प्रतापगड असल्यास ‘लढाई, १० नोव्हेंबर १६५९’. सन २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत आहेत व बारावा, जिंजी, तामिळनाडूंत आहे. आपला किल्ला त्यांतील असेल तर तसें लिहावें. शुद्धलेखन तपासावें, ‘सिंधुदुर्ग’ या शब्दांतील दोन्ही उकार ऱ्हस्व आहेत. महादरवाजा, बाजारपेठ, टकमक टोक इत्यादि स्थळांना केवळ आंकडे देऊन त्यांची सूची एका बाजूस लावल्यास किल्ला पाट्यांखालीं झांकला जात नाहीं.

मुख्य गोष्ट ही कीं, पाटी खरें बोलली पाहिजे. मनानें रचलेल्या किल्ल्यास ‘काल्पनिक किल्ला’ म्हणण्यांत कमीपणा नाहीं. परंतु त्यावर ‘रायगड’ असें लिहिलें, तर शेजारचें लहान मूल तीच आकृति रायगड म्हणून मनांत घेऊन जाईल, आणि तिथें आपलें मेण किंवा पॉलिश कांहींच उपयोगी पडणार नाहीं.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचें नांव कोरलेलें आहे. माथ्यावर नव्हे, पायरीवर. आपल्या पाटीच्याही खालच्या कोपऱ्यांत, बारीक अक्षरांत, माती कालविणाऱ्या सर्व मुलांचीं नांवें असूं द्यावीं, धाकट्याचेंही.